काचेच्या भांड्यातले देव

आमच्या आईने ज्या माणसासाठी देव पाण्यात घातले, त्याला तिने जन्मात पाहिलं नव्हतं. तो तेव्हा अमेरिकेत एका बंद खोलीत बसून आपलं यान कधी उडतंय याची वाट बघत होता. आणि इकडे कुवेतमध्ये, सालमियातल्या आमच्या स्वयंपाकघरात, आई त्याच्यासाठी बाळकृष्ण, अन्नपूर्णा, गणपती आणि खंडोबाचा टाक एकेक करून काचेच्या भांड्यात बुडवत होती. भांडं माझ्या बायकोचं. एरवी त्यात पाहुण्यांसाठी केक, जेली आणि कस्टर्डचे थर लागतात.

हा किस्सा मी आमच्या मराठी मंडळात कितीतरी वेळा सांगितलाय. कोजागिरीला सांगितला, खैरानच्या सहलीत कमरेएवढ्या समुद्रात उभं राहून सांगितला. आईचा आवाज काढतो, देवांचे चेहरे करून दाखवतो, आणि अन्नपूर्णा पळीसकट बुडी मारते तिथे लोक पोट धरून हसतात. पण मंडळात मी तो अर्ध्यावर थांबवतो, कारण माणसं जेवायची खोळंबलेली असतात. इथे कुणी जेवायचं खोळंबलेलं नाही, तेव्हा पूर्ण सांगतो.

त्या उन्हाळ्यात माझी ताई पुण्याच्या एका हॉस्पिटलात काचेच्या खोलीत होती. तिला रक्ताचा कॅन्सर झाला होता. डॉक्टरांनी आधी कडक औषधं देऊन तिच्या हाडांतला रक्त तयार करणारा कारखानाच बंद पाडला. मग माझ्या रक्तातून काढलेल्या पेशी एका पिशवीतून तिच्या अंगात सोडल्या. आता त्या पेशींनी तिच्या हाडांत जाऊन बिऱ्हाड थाटायचं आणि नवं रक्त बनवायला लागायचं. थाटलं तर ताई वाचणार. नाही थाटलं तर काय, हे विचारलं की डॉक्टर चष्मा पुसायला घ्यायचे. माझी रजा संपली होती. पेशी तिच्यात सोडून मी कुवेतला परत आलो, कामावर रुजू झालो आणि वाट बघायला लागलो.

आईला यातलं काहीच ठाऊक नव्हतं. वडील गेल्यापासून ती आमच्याकडेच असते, आणि आधीच्याच हिवाळ्यात तिच्या हृदयात स्टेंट बसवला होता. ताईने मला शपथ घातली होती, "आईला कळलं तर ती माझ्याआधी जाईल. मग मी तुला सोडणार नाही, भूत होऊन तुझ्या नाटकात येऊन बसेन, पहिल्या रांगेत." त्यामुळे माझं पुण्याला जाणं हे ऑफिसचं ट्रेनिंग झालं, आणि ताई फोनवर का येत नाही याला मी एक कारण शोधून काढलं, ज्याचा मला तेव्हा फार अभिमान वाटला होता. मी म्हटलं, ताई मौनाच्या शिबिराला गेली आहे.

"कोण, ती?" आई जेवता जेवता थांबली. "गोवर आला होता तेव्हाही तिचं तोंड बंद नव्हतं."

"म्हणून तर गेली ना. वर्गात ओरडून ओरडून घसा बसला. डॉक्टर म्हणाले, विश्रांती द्या."

"किती दिवस?"

"असेल महिनाभर."

"महिनाभर! आणि जावईबापू?"

"ते सुखात आहेत."

बायकोने टेबलाखालून मला लाथ मारली. ताई शाळेत मराठी शिकवते. तिचा आवाज असा, की मागच्या बाकावरच्या मुलालाही कधी डुलकी लागली नाही.

मी हौशी नट आहे, तिसेक वर्षं मंडळाच्या नाटकांत काम करतोय. पण नाटकात दोन तास खोटं बोलायचं असतं आणि मध्यंतरात चहा मिळतो. इथे मध्यंतर नव्हतं. भावोजींचा मेसेज आला की माझा घास हातातच राहायचा. त्या मेसेजमध्ये रोज एकच आकडा असायचा, पांढऱ्या पेशींचा, आणि तो आकडा शून्य असायचा. एका संध्याकाळी मी तो वाचला आणि टीव्हीसमोर नुसता बसून राहिलो. डोळ्यांत पाणी कधी आलं ते कळलं नाही. आई समोर येऊन उभी राहिली.

"काय झालं?"

टीव्हीवर बातम्या चालू होत्या. आपल्याकडचा एक माणूस अंतराळ स्थानकावर जाणार होता आणि त्याचं उड्डाण पुन्हा पुढे ढकललं होतं. मी त्या पडद्याकडे बोट दाखवलं.

"याची काळजी वाटते."

आईने पडद्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "तुझ्या ओळखीचा आहे?"

"नाही. पण आपला आहे ना." आणि एकदा तोंड उघडल्यावर मी थांबतो कशाला! मी तिला सगळं सांगत सुटलो. हे यान सरकारी नाही, खासगी कंपनीचं आहे. देश आपापल्या माणसासाठी त्यात जागा विकत घेतात. चार देशांची चार माणसं मिळून जाणार.

"म्हणजे वडापसारखं," आई म्हणाली. आईचं माहेर सासवडकडचं. गावागावांतून माणसं कोंबून नेणाऱ्या त्या जीपगाड्यांतून तिने अर्धं आयुष्य प्रवास केलाय.

"अगदी वडापसारखं."

"मग चार सीटा भरल्या तर सुटत का नाही?"

"कुठेतरी गळती आहे म्हणे. ती बंद केल्याशिवाय सोडत नाहीत."

"परतीचं तिकीट काढलंय ना?"

"काढलंय."

आई थोडा वेळ माझ्या तोंडाकडे बघत राहिली. मग उठली, स्वयंपाकघरात गेली, आणि भांड्यांचा आवाज यायला लागला. पोराला कशाने तरी घोर लागलाय एवढंच तिने पाहिलं होतं, आणि घोर लागला की आमच्या घरात काय करायचं हे ठरलेलं होतं. माझ्या वडिलांच्या ऑपरेशनला, माझ्या दहावीच्या निकालाला, ताईच्या बाळंतपणाला, प्रत्येक वेळी देव पाण्यात गेले होते. गाऱ्हाणं मिटेपर्यंत त्यांनी पाण्यातच राहायचं, म्हणजे त्यांनाही जरा घाई होते. तिने हात जोडले आणि त्या अंतराळवीराचं नाव घेतलं. आडनाव चुकवलं, पण घेतलं.

आता कुवेतच्या उन्हाळ्यात देव पाण्यात घालणं हे सोपं काम नाही. इथे पाण्याच्या टाक्या गच्चीवर उन्हात असतात. जूनपासून नळाला जे पाणी येतं त्यात चहापत्ती टाकली तर चहा होईल. लोक उन्हाळाभर घरातला गीझर बंद ठेवून त्यातलं पाणी गार म्हणून वापरतात. पहिल्याच दिवशी आईने सवयीने नळाखाली भांडं धरलं आणि हात मागे घेतला. तेवढ्यात शेजारच्या चाची काहीतरी द्यायला आल्या होत्या. या मूळच्या रत्नागिरीच्या. त्यांच्या यजमानांचं शुवैखला गाड्यांच्या सुट्या भागांचं दुकान आहे. आई आणि त्या रोज दुपारी एकमेकींना आपापली दुखणी सांगतात.

"काय आई, देवांना उकडून काढताव काय?" चाचींनी भांड्यात डोकावून विचारलं.

"अगं बाई, फ्रिजमधलं पाणी दे."

तेव्हापासून देवांना प्यायच्या बाटलीतलं गार पाणी मिळायला लागलं. आई रोज सकाळी पाणी बदलायची आणि देव्हाऱ्याऐवजी भांड्यासमोर दिवा लावायची. पारदर्शक भांडं होतं. मी कामावरून आलो की चप्पल काढता काढता आधी तिकडे नजर जायची. देव तळाशी आडवे पडलेले. बाळकृष्ण रांगता आहे, तो पाण्यात पोहतोय असं वाटायचं.

यान सुटत नव्हतं. कधी गळती, कधी हवामान. आणि मग आमच्या डोक्यावरून दुसरीच यानं जायला लागली. आजूबाजूच्या देशांत पेटलं होतं. अंधार पडला की लोक गच्चीवर उभे राहून आकाशातले उजेडाचे ओरखडे बघायचे आणि फोनवर आपल्या गावाला, आम्ही ठीक आहोत, असं सांगायचे. विमानं रद्द होत होती. पुण्याहून बोलावणं आलंच तर मी कसा जाणार होतो, हे मी स्वतःलाही विचारत नव्हतो.

रोज दुपारी मी ताईला फोन करायचो. तिचं तोंड आतून सोलवटलं होतं, बोलता येत नव्हतं. पडद्याकडे पाहिलं की डोळे दुखायचे. भावोजी काचेच्या बाहेर. आत तिच्या उशीवर तिचा फोन. मी बोलायचो आणि ती नखाने फोनवर टकटक करायची. एक टक म्हणजे हो, दोन म्हणजे नाही. भराभर टकटक म्हणजे हसली. लहानपणी माझं पहिलं प्रेक्षागृह म्हणजे ताईच होती. पलंगावर मांडी घालून बसायची आणि मी चादर पांघरून राजा व्हायचो. आता ती दिसत नव्हती, टाळी नव्हती, पण त्या नखाच्या आवाजासाठी मी जे काही केलंय ते कुठल्याही रंगमंचावर केलं नाही. मौनाच्या शिबिराची गोष्ट सांगितली तेव्हा ती इतकी टकटकली की नर्स बघायला आली.

आणि मी तिला यानाचं सांगायला लागलो. "ते पण काचेच्या आड आहेत ताई. उडायच्या आधी त्यांना कुणाला भेटू देत नाहीत, सर्दीसुद्धा व्हायला नको म्हणून. बायको-मुलं लांबून हात हलवतात." एक टक. "आज पुन्हा पुढे ढकललं." एक टक, सावकाश. तिला त्या माणसाची चौकशी असायची. मी विसरलो तर भावोजींकडून लिहून यायचं, "यानाचं काय झालं, खुणेने विचारतेय."

शेवटी ते उडालं त्या सकाळी माझी सुट्टी होती. दिवाणखान्यात आई, बायको आणि चाची, तिघी टीव्हीसमोर. मी ताईला फोन लावून कोपऱ्यात उभा राहिलो. आईला सांगितलं, मंडळातला एक मित्र गाडीत आहे, त्याला ऐकवतोय.

मग मी सुरू झालो. चौघं आडवे बांधलेले आहेत, पाय वर. बाहेर धूर आहे. मोजणी चालू आहे. मी ती मोजणी मराठीत म्हणत होतो, आणि शून्य आल्यावर माझी जीभ जराशी अडली, कारण तो आकडा आमच्याकडे दुसऱ्याच गोष्टीचा होता. आग दिसली. यान इतकं हळू उचललं गेलं की आता खाली बसतंय असं वाटलं. आई उभी राहिली होती. मागे वळून ती मला ओरडून म्हणाली, "सांग तुझ्या मित्राला, काळजी करू नको म्हणावं! देव पाण्यात आहेत!"

फोनमधली टकटक थांबली. आईचा आवाज ताईने बऱ्याच दिवसांनी ऐकला होता. मी पुढचं वाक्य विसरलो. पडद्यावर यानातलं एक छोटं कापडी खेळणं तरंगायला लागलं, म्हणजे ते वर पोचले होते, आणि मी ते ताईला सांगितलं की नाही तेही मला आता आठवत नाही. खूप वेळाने एक टक आली.

"उडालं एकदाचं," आई पदराने तोंड पुसत म्हणाली. "काढू का देव?"

"छे! स्थानकाला पोचू देत."

दुसऱ्या दिवशी दुपारी यान स्थानकाला जाऊन लागलं. सगळीकडे टाळ्या वाजल्या, पण दार काही उघडेना. मी ते ताईला फोनवर सांगितलं. तिने दोनदा टक केली, म्हणजे नाही उघडलं? आता हा माझा प्रांत होता. मी पेट्रोकेमिकलच्या कारखान्यात दुरुस्ती खात्यात आहे. मोठी टाकी किंवा पाइप खोलून पुन्हा जोडला की आम्ही लगेच चालू करत नाही. आत दाब भरायचा, झडप बंद करायची आणि काट्याकडे बघत बसायचं. कुणी कशाला हात लावायचा नाही. काटा जागचा हलला नाही तर जोड घट्ट बसला. नवीन इंजिनियर या वेळी फार वळवळ करतात, उगाच पाना फिरवतात. त्यांना मी सांगतो, बाबा रे, आता तुझं काम फक्त बसायचं.

"लागलं म्हणजे लगेच दार उघडत नाहीत ताई," मी म्हटलं. "जोड धरलाय का ते बघत बसावं लागतं. घाई करून चालत नाही."

एक टक. मग बऱ्याच वेळाने आणखी एक. दोन्ही मिळून 'नाही' होतं की ते दुसरं 'हो', हे मला समजलं नाही, आणि मी विचारलं नाही.

"पोचले, दार उघडलं, मिठ्या मारल्या," आई म्हणाली. "आता काढते."

"अगं, परत यायचेत ना! परतीच्या तिकिटाचं तूच विचारलं होतंस."

आईने माझ्याकडे जरा रोखून पाहिलं. हाच मुलगा कॉलेजात असताना म्हणायचा, बिचाऱ्या देवांना सर्दी होईल. "बरं," ती म्हणाली आणि फ्रिजमधली बाटली काढायला गेली.

एका संध्याकाळी स्थानक कुवेतवरून जाणार होतं. आई, मी आणि चाची गच्चीवर गेलो. मगरीबची अजान नुकतीच झाली होती. टाक्यांजवळ चाचींचे बोंबील वाळत होते आणि हवेत धूळ होती, तरी तो ठिपका दिसला. लुकलुकत नव्हता. रुमैथियाच्या बाजूने संथ चढला आणि डोक्यावरून समुद्राकडे निघाला. आईने हात जोडले. चाचींनी ओढणी सावरून पुटपुटत दुवा मागितली आणि मग म्हणाल्या, "त्यांना वरनं माझे बोंबील दिसत असतील काय?"

"वास जात असेल," मी म्हटलं. खिशातला फोन चालू होता. त्यातून भराभर टकटक आली आणि आई दचकली. "कसला आवाज रे?"

"फोन गरम झालाय."

यानाची परत यायची वेळ आली तरी भावोजींचा आकडा हलला नव्हता. डॉक्टरांनी आता चष्मा पुसणं सोडून दिलं होतं. ते सरळ बोलायला लागले होते. पेशी लागायला हव्या होत्या तेवढा वेळ होऊन गेला होता. आणखी थोडे दिवस वाट बघू म्हणत होते. नाहीतर पुन्हा माझ्या पेशी घेऊन पुन्हा प्रयत्न, आणि तोही तेवढं सोसायची ताकद तिच्यात उरली असली तर.

त्या दुपारी मी घरी होतो. टीव्हीवर यान पॅराशूटला लटकून खाली येत होतं आणि आमच्या घरात आई टाळ्या वाजवत होती. "हे काय, समुद्रात उतरले?"

"समुद्रातच उतरतात."

"बघ! देव पाण्यात, तोही पाण्यात. आता दोघांनाही काढा बाहेर." तिच्या चेहऱ्यावर असा आनंद होता, जसा काही तिचाच मुलगा उतरला. तेवढ्यात माझा फोन वाजला. मी बाल्कनीत गेलो. उन्हाने लोखंडी कठडा हात लावू देत नव्हता. भावोजी एवढंच म्हणाले, "आजही नाही. आज ती टकटक पण करत नाहीये. झोपून आहे नुसती."

मी आत आलो तर काचेचं भांडं ओट्यावर पालथं घातलेलं होतं. देव पुसून, गंध लावून देव्हाऱ्यात बसले होते. शिऱ्याचा वास सुटला होता. आई म्हणाली, "चल, तोंड गोड कर," आणि मी शिरा खाल्ला. मग ती आणि माझी बायको डबा घेऊन चाचींकडे गेल्या.

घरात मी एकटा उरलो. त्या कोरड्या भांड्याकडे मला बघवेना. मी देव मानतो का, हा प्रश्न मला त्या वेळी कुणी विचारला असता तर मी त्याला घराबाहेर काढला असता. मी भांडं सुलटं केलं, नळ सोडला, भरलं, आणि देव्हाऱ्यातून एकेक देव उचलून आत ठेवला. हात भाजला, पण का भाजतोय हे डोक्यात शिरलं नाही. भांडं मी दिव्यामागे, होतं तिथे ठेवलं आणि खुर्चीवर बसून राहिलो.

दार उघडल्याचा आवाज आला. आई स्वयंपाकघरात आली आणि थबकली. भांड्याची काच आतून धुरकट झाली होती. तिने एक बोट पाण्यात घातलं आणि चटकन काढून घेतलं.

"हे कुणी केलं?"

बायको दारातच उभी राहिली. मी उठलो आणि नेहमीप्रमाणे सुरू केलं. "अगं, ते उतरले खरे, पण आता त्यांना डॉक्टर तपासणार, बरेच दिवस ठेवून घेणार, चालता येत नाही म्हणे..."

"नाटक पुरे." आवाज चढवला नव्हता तिने. "तू इथे धडधाकट उभा आहेस. सून माझ्याबरोबर जिना उतरली. तुझ्या लेकीचा सकाळी फोन आला होता." ती एकेकाला जणू ओट्यावर बाजूला ठेवत होती. मग ती थांबली. स्टुलावर हळूच टेकली. "शिबिर," ती म्हणाली. "किती वाईट आहे?"

मी सांगितलं. सगळं, कापरा आवाज न लावता, हातवारे न करता. आयुष्यात इतकं वाईट सादरीकरण मी कधी केलं नाही. बायको तिच्या पाठीवर हात ठेवून उभी होती आणि दुसऱ्या हातात गोळ्यांची डबी घेऊन तयार होती. त्या डबीची गरज पडली नाही.

आई उठली. तिने भांड्यातलं पाणी मोरीत ओतलं, देव हातात घेऊन फडक्याने टिपले. "चटका बसतो रे त्यांना," ती म्हणाली. मग फ्रिजमधली बाटली काढली. ती गार धार काचेवर पडत असताना तिने माझ्याकडे न बघता म्हटलं, "एका परक्यासाठी मी देव बुडवून बसले. आणि माझ्या लेकीसाठी एक दिवसही नाही."

"तिच्यासाठीच होते ते आई. पहिल्या दिवसापासून."

"नाव घेऊन घालायचे असतात," ती म्हणाली. "मी दुसऱ्याचं नाव घेतलं होतं."

तिने बाळकृष्ण उचलला, ताईचं नाव घेतलं आणि त्याला पाण्यात सोडलं. मग अन्नपूर्णा, आणि पुन्हा नाव. मंडळात मी अन्नपूर्णेला पळीसकट बुडी मारायला लावतो ती पहिल्या वेळची, ही दुसरी वेळ मी कधी करून दाखवलेली नाही.

पुण्याला जायला तिने कुणाची परवानगी मागितली नाही. विमानं पुन्हा सुरळीत झाली होती. बायको सोबत गेली. मला डॉक्टरांनी सांगितलं होतं, बोलावलं तर लगेच निघा, तोपर्यंत सर्दी-खोकल्यापासून लांब राहा. आईचा बेत आधी देवांनाही बरोबर न्यायचा होता, पाण्यासकट. विमानात एवढं पाणी हातात नेता येत नाही, आणि देव सामानात टाकायला ती तयार नव्हती. म्हणून जाताना तिने भांडं माझ्या ताब्यात दिलं. "पाणी फ्रिजमधलं," ती दारात म्हणाली. "विसरशील तर तिथून येऊन मारेन."

मग मी आणि देव, आम्ही दोघेच. कामावर जाण्याआधी पाणी बदलायचं, दिवा लावायचा. चाची संध्याकाळी डबा आणून द्यायच्या, दारातूनच भांड्याकडे बघायच्या आणि माझ्याशी कधी नव्हे ते विनोद न करता परत जायच्या.

आई काचेसमोर पोचली त्याचं वर्णन भावोजींनी मला फोनवर केलं. ताईच्या डोक्यावर केस नव्हते, चेहरा सुजलेला. आईने पदर खोचला. मग आतल्या खोलीत बोलायचा फोन उचलला आणि म्हणाली, "झालं का मौन?"

ताईने नखाने उशाशी ठेवलेल्या स्टीलच्या पेल्यावर टकटक केली, इतकी भराभर की पेला कलंडला. बऱ्याच दिवसांनी केली होती.

त्यानंतर काही दिवसांनी भावोजींच्या मेसेजमध्ये शून्याऐवजी दुसरा आकडा आला. अगदी किरकोळ आकडा. मी तो कारखान्यात काट्याजवळ बसून वाचला. दाब भरलेला होता, झडप बंद होती, आणि बाजूला बसलेला नवा इंजिनियर म्हणाला, सर, तुम्ही रडताय का? मी म्हटलं, काट्याकडे बघ.

आईला लगेच फोन केला. "काढू?"

"खबरदार! ती दाराबाहेर येऊ दे."

ती दाराबाहेर आली त्या दिवशी मला व्हिडिओ कॉल आला. ताई बरी झाली असं मी इथे लिहीत नाही, कारण तिचे डॉक्टरही तसं म्हणत नाहीत. वर्षभर बघायचं, मग पुढचं बघायचं, असं म्हणतात. पण त्या दिवशी ती तोंडाला मास्क लावून आईच्या खांद्यावर हात ठेवून चालत बाहेर आली, आणि पडद्यावर माझ्याकडे बघून बोलली. आवाज घोगरा होता, तिचाच होता.

"अरे, काढ की त्यांना आता. गारठले असतील."

मी फोन मिक्सरला टेकवून उभा केला, बाह्या सरसावल्या, आणि पाण्यात हात घातला. बाळकृष्णाच्या घोट्याला हिरवट डाग पडला होता. तो मी घासला नाही.

"नाव घेऊन काढ," आईचा आवाज आला.

मी ताईचं नाव घेतलं, पुटपुटल्यासारखं. माझा आवाज कधी नव्हे तो बसला होता.

"मोठ्याने म्हण," ताई म्हणाली. "मागच्या बाकावर ऐकू गेलं पाहिजे."